वातापीचा रस्ता

जेवण झालं की पाटावरून उठण्याआधी आमचे आजोबा उजवा तळहात पोटावरून गोल फिरवत आणि पाच नावं घेत. अगस्ती, कुंभकर्ण, शनी, वडवानल आणि भीम. एक ऋषी, एक राक्षस, एक ग्रह, समुद्रातली आग आणि एक पांडव. साध्या वरणभाताच्या पचनासाठी एवढी भिन्न स्वभावाची समिती कशाला नेमावी लागते, हे मला तेव्हा कळत नसे. या समितीचे अध्यक्ष अगस्ती, आणि त्यांची निवड वशिल्याने झालेली नव्हती. इल्वल आणि वातापी हे दोघे असुर भाऊ. वातापीने मेंढ्याचं रूप घ्यायचं, इल्वलाने त्याची सागुती रांधून ब्राह्मणाला आग्रहाने वाढायची, आणि पाहुणा हात धुऊन टेकला की भावाला बाहेर ये म्हणून हाक मारायची. वातापी पाहुण्याचं पोट फाडून बाहेर येई. अगस्ती त्या घरी गेले ते काही जेवणाच्या ओढीने नव्हे. लोपामुद्रेला दागिने आणि चांगली वस्त्रं हवी होती, आश्रमात पैसा नव्हता, म्हणून. घरासाठी वणवण करताना परक्या ठिकाणी अवेळी जेवावं लागतं, ही गोष्ट इतकी जुनी आहे. ऋषी जेवले, इल्वल हाका मारत राहिला, कोणी आलं नाही. महाभारताच्या वनपर्वात त्या वेळी ऋषींच्या पोटातून नुसता वायू सरतो. आजोबांच्या कथेत मात्र त्याची खणखणीत ढेकर होत असे, कारण समोर मुलं बसलेली असत.

मला ही कथा वयाच्या उताराला नव्याने समजली, कारण माझा वातापी हाकेला ओ देऊ लागला. रात्री एकच्या सुमारास घर निजलेलं असावं, लांब रुळांवरून मालगाडी जात असावी, आणि छातीच्या मधोमध कोणीतरी बारीक वात पेटवून ठेवावी. मग घशाशी आंबट, जिभेच्या मुळाशी कडू, आणि रात्री खाल्लेल्या भरल्या वांग्याचं अगदी ओळखीचं पुनरागमन. आमच्याकडे याला पित्त म्हणतात आणि पित्त हे आजारात धरत नाहीत, स्वभावात धरतात. काकांना पित्त होतं, म्हणून ते तापट होते. मावशीला पित्त होतं, म्हणून तिला कोणी उन्हातून दळण आणायला पाठवत नसे. माधवनिदानात अम्लपित्ताला वेगळा अध्याय आहे आणि त्यात वर जाणारं आणि खाली जाणारं असे दोन भेद केले आहेत, हे एका वैद्य मित्राकडून कळलं तेव्हा मला आपल्या मालाला जुनी वंशावळ मिळाल्यासारखं वाटलं. डॉक्टरांना मात्र वंशावळीत रस नव्हता. छातीत जळजळ म्हटल्याबरोबर त्यांनी आधी कार्डिओग्राम काढायला लावला. हृदय आणि अन्ननलिका छातीत शेजारी राहतात, दोघांची तक्रार एकाच आवाजात येते, आणि पित्त पित्त म्हणत सोडा पीत बसलेली माणसं त्यांनी पाहिली होती. कार्डिओग्राम ठीक निघाल्यावर प्रश्न सुरू झाले. घास अडकतो का, वजन उतरलंय का, उलटीत रक्त, शौचाला डांबरासारखं काळं, रक्त कमी झाल्याचा काही रिपोर्ट? यातलं एकही हो असतं तर ते असे निवांत बसून बोलले नसते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

अन्ननलिका म्हणजे साधारण पंचवीस सेंटिमीटर, आपल्या मापात एक वीत आणि वर दोन बोटं. पुढे श्वासनलिका, मागे पाठीचा कणा, आणि दोघांच्या मधून ही अंग चोरून खाली उतरते. श्वासपटलाला एक भोक आहे त्यातून डोकं खाली घालते आणि लगेच जठराला मिळते. हिला एकच काम, वरचं खाली पोचवणं. तेही ती नुसतं पडू देऊन करत नाही. घासामागे आकुंचनाची एक लाट सोडते, आणि ती लाट इतकी प्रामाणिक असते की माणूस उलटा टांगला तरी घास जठरातच जातो. ही नळी संपते तिथे स्नायूंचं एक कडं आहे. घास आला की सैल पडायचं, गेला की आवळायचं. हे दार मला आमच्या जुन्या चाळीतल्या दिवसाच्या दारांसारखं वाटतं: ओढून घेतलेलं, पण कडी न लावलेलं. कडी लावता येत नाही, कारण त्याच दारातून वरच्या दिशेने ढेकरही जायची असते. हे कडं मधूनमधून, घास नसतानाही, क्षणभर सैल पडतं ते पोटातली हवा सोडण्यासाठी, आणि नेमकं तेव्हा आम्ल संधी साधतं. काही दुर्दैवी लोकांत हे कडं सैलच होत नाही. त्यांना घोटभर पाणी उतरवायलाही झगडावं लागतं. ते ऐकल्यापासून माझ्या ढिल्या दारावरचा राग निम्मा झाला. अंतराळवीरांची ढेकर तर आणखी अडचणीची. वजनच नसल्यामुळे पोटातली हवा वर आणि पातळ खाली अशी वाटणी होत नाही, दोन्ही एकत्रच वर येतं. म्हणजे अगस्तींच्या त्या ढेकरीत पृथ्वीचाही हात होता.

जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टराने १८२४ मध्ये सांगितलं. मोरीच्या फरशीवरचे डाग घालवायला जे पिवळसर पाणी बाटलीतून आणतात, त्याचंच हे घरंदाज भावंड. जठराने स्वतःसाठी श्लेष्माचं जाड अस्तर लावून घेतलेलं आहे. अन्ननलिकेला असं काही दिलेलं नाही, तिची आतली त्वचा तोंडातल्यासारखीच मऊ. तिला आधार दोनच: लाळ आणि उभं राहणं. दिवसभर आपण नकळत लाळ गिळतो, ती वर आलेलं आम्ल धुऊन नेते. उभे असलो की उरलेलं आपोआप खाली उतरतं. झोपेत लाळ आटते, गिळणं जवळजवळ थांबतं आणि माणूस आडवा होतो. म्हणून रात्री एकचा मुहूर्त.

आतून पाहायला हवं, असं ठरलं. दुर्बीण घालणार, हे ऐकून आमच्या मजल्यावर ज्याला त्याला आपली हिंमत आठवली. पूर्वी हे फार अवघड होतं. १८६८ मध्ये फ्रायबुर्ग गावी आडॉल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टराला माणसाच्या पोटात नळी घालून पाहायचं होतं, पण सरळ कडक नळी गिळणार कोण? त्यांनी तलवार गिळून दाखवणारा एक खेळकरी गाठला. वैद्यकाच्या ग्रंथांत राजांच्या आणि सरदारांच्या दुखण्यांना बरीच जागा मिळाली आहे, पण अन्ननलिकेचा रस्ता विज्ञानाला प्रथम दाखवला तो जत्रेतल्या माणसाने, हे मला फार आवडतं. १९५७ मध्ये बेझिल हर्शोविट्झ यांनी काचेच्या तंतूंची वाकणारी दुर्बीण तयार केली आणि ती आधी स्वतःच गिळली. माझ्या वाट्याला आलेली नळी त्यांच्याच घराण्यातली, पुष्कळ पुढच्या पिढीची. घशात कडवट फवारा मारला, जीभ दुसऱ्याची झाली, दातांत प्लॅस्टिकचं कडं दिलं, डाव्या कुशीवर वळवलं. समोरच्या पडद्यावर एक गुलाबी बोगदा सरकू लागला. माझा जन्म झाल्यापासून माझ्याबरोबर असलेला हा रस्ता मी प्रथमच पाहत होतो, आणि तोंडात कडं असल्यामुळे काही बोलताही येत नव्हतं. बोगद्याच्या तळाशी लाल रेघा होत्या, मांजराने ओरबाडल्यासारख्या.

रिपोर्टावर लिहून आलं, लॉस एंजेलिस ग्रेड बी. या दाहाची प्रतवारी १९९४ साली लॉस एंजेलिसच्या एका जागतिक परिषदेत ठरली, म्हणून ते नाव. चार पायऱ्या आहेत. रेघ पाच मिलिमीटरच्या आत असेल तर ए, त्याहून लांब असेल तर बी, रेघा आतल्या घड्यांचे बांध ओलांडून एकमेकींना भेटू लागल्या की सी, आणि वर्तुळाचा पाऊण भाग व्यापला की डी. मी रिपोर्ट मोठ्याने वाचला. बायको डाळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमचा पासपोर्ट अजून झाला नाही, आणि ही जाऊन आली का अमेरिकेला?" डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र माझ्या मनात रुतून बसली. जळजळ किती आणि जखम किती यांचा हिशेब जुळतोच असं नाही. काहींना आगीने जीव नको होतो आणि दुर्बिणीत सगळं साफ दिसतं. काहींची नळी सोलवटून निघालेली असते आणि ते हसत भजी खात असतात. आमच्या नातेवाइकांतल्या दोन आत्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले, पण त्या विषयात मी शिरत नाही.

गोळी मिळाली, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे अतिसूक्ष्म पंप असतात, खाण्याची चाहूल लागली की ते जागे होतात, आणि जागा झालेलाच पंप या गोळीला बंद करता येतो. म्हणून ती आधी जाऊन दबा धरून बसायला हवी. जेवल्यावर आठवण झाली म्हणून घेतली, तर वरात निघून गेल्यावर बँड आल्यासारखं होतं. आठ आठवडे नेमाने घेतली की जखमा बहुतेकांच्या भरतात. या जातीतलं पहिलं औषध १९८८ मध्ये स्वीडनमध्ये बाजारात आलं. त्याच्या एक पिढी आधीचं औषध शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र या गोळीला कोणी नोबेलच्या नजरेने पाहत नाही. ती गॅसची गोळी आहे, कुठल्याही अँटिबायोटिकबरोबर पाठराखीण म्हणून येते, आणि पर्समध्ये सुट्या पैशांच्या कप्प्यात असते. प्रवासात शेजारच्या बाईने डोकं धरलं तर लोक तिलाही एक देतात. मला डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आठ आठवड्यांनी या, पुढचं मी सांगेन, स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका आणि बंदही करू नका. मराठी माणसाला औषधाबाबत मनाचं काहीच करू देत नाहीत, तेव्हा तो खरा आजारी पडतो.

गोळीवरून चिपळूणची आत्या आठवली. अन्ननलिकेला आम्लानेच जाळलं पाहिजे असं नाही, अडकलेली गोळीही जाळू शकते, हे मला तिच्याकडून कळलं. हाडं ठिसूळ झाली म्हणून तिला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. रविवारी पहाटे, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास ना चहा, ना लवंडणं. गोळी वाटेत चिकटली तर तिथेच व्रण करते. ऐंशीची बाई, पण रविवारी सहा वाजता ओटीवरच्या सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसते, पदर खांद्यावरून घेतलेला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, समोर घड्याळ. तो अर्धा तास घरावर तिचं राज्य असतं. उठता येत नाही, निजता येत नाही, चहा पिता येत नाही. उरतं ते बोलणं. त्या अर्ध्या तासात तिने दोन लग्नं जमवली आहेत आणि एक वाटणी मोडली आहे. मी गेलो होतो तेव्हा माझी चौकशी झाली. "अरे, तुमच्या पिढीला गोळ्या गिळता येत नाहीत. अर्ध्या घोटाबरोबर टाकायची आणि लगेच आडवं व्हायचं. ती बिचारी जाईल कशी खाली? तिला का पाय आहेत?" मी म्हटलं, आत्या, माझ्या गोळीचं तसं काही नाही. ती म्हणाली, "नसू दे. बसायला काय पैसे पडतात?" तेव्हापासून मी कुठलीही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेतो आणि नंतर काही वेळ खुर्चीत ताठ बसतो. बोलायला मात्र माझ्यासमोर कोणी थांबत नाही.

पथ्याचा विषय निघाला आणि इमारतीतल्या प्रत्येक स्वयंपाकघराने आपापला सल्ला वाटीत घालून पाठवला. थंड दूध, धनेजिऱ्याचं पाणी, मोरावळा, ज्येष्ठमध, सब्जा. तळमजल्यावरच्या मालवणी वहिनींनी आमसुलाचं सार दिलं, वर कोथिंबीर भुरभुरवून. आंबटाला आंबटानेच उत्तर द्यायचं ही कोकणी रीत मला शूरपणाची वाटते, पण सोललेल्या नळीला शौर्य सोसत नाही. दुधाचं तर फार वाईट वाटलं. घटकाभर ते खरोखर निववतं, मग जठर त्यातल्या सत्त्वाला पचवायला आणखी आम्ल सोडतं. एवढ्या शांत, पांढऱ्या, आईच्या पदरासारख्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? आणि पेपरमिंट! हॉटेलात बिलाबरोबर बडीशेपेच्या बशीत ती पांढरी गोळी ठेवतात, जेवण जिरावं म्हणून. पुदिन्याच्या अर्काने ते खालचं कडं सैल पडतं. म्हणजे आग्रहाने जेवू घालायचं, आणि निघताना वातापीच्या हाती दाराची किल्ली द्यायची. तेलकट, चॉकलेट, कॉफी, दारू, तंबाखू हीही त्याच गटातली. पण डॉक्टर म्हणाले, छापील यादी घेऊन जगू नका, ज्याने तुम्हाला त्रास होतो तेवढंच सोडा. माझ्या बाबतीत मिसळीच्या तर्रीने काही होत नाही आणि उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीने आग पेटते. पंढरीच्या विठोबाला हे कसं सांगावं, याचा विचार मी प्रत्येक एकादशीला करतो.

मग पलंगाचं आलं. उशाची बाजू सहा ते आठ इंच उंच करा, असं सांगण्यात आलं. दोन उशा जास्त घेऊन चालत नाही. त्याने मान वाकते, पोट चेपतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. अख्खा पलंगच उताराचा करायचा. गच्चीचं काम चालू होतं तिथून मी विटा आणल्या. लादीवर ओरखडे उठतील म्हणून बायकोने त्यांना जुन्या सुती साडीची फडकी गुंडाळली, कोपरे आत दुमडून, वरून दोन टाके घालून. निळ्या काठाच्या त्या चार विटा खोलीत आल्या तेव्हा कोणाच्या तरी बारशाला निघाल्यासारख्या दिसत होत्या. पलंग डबल, त्यामुळे उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा. या व्यवस्थेतला अन्याय माझ्या लक्षात यायला थोडे दिवस गेले. तिला जळजळ नाही, तिची नळी ए नाही की बी नाही, कधी साधी आंबट ढेकर नाही, आणि ती रोज रात्री उतारावर निजते. चादर रात्रभर हळूहळू पायथ्याशी गोळा होते. पहाटे जाग आली तर आम्ही दोघंही वीतभर खाली घसरलेलो असतो, तिच्या टाचा पलंगाच्या फळीला लागलेल्या. कोणी घाटात मुक्काम केल्यासारखे. डाव्या कुशीवर झोपायचं, असाही नियम आहे. त्या कुशीवर जठराची पिशवी खाली लोंबते आणि तिचं तोंड आम्लाच्या वर राहतं; उजव्या कुशीवर नेमकं उलटं. आजोबा दुपारी डाव्या कुशीवरच लवंडत. आमच्या पलंगावर माझी डावी कूस म्हणजे तिच्याकडे पाठ. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर वैद्यकीय कारणासाठी रोज पाठ फिरवायची, हे मलाच चमत्कारिक वाटलं, म्हणून मी जागा बदलून मागितली. तिने दोन दिवस विचार केला. खिडकीची बाजू सोडणं तिच्या जिवावर आलं होतं, हे मला कळत होतं. मग एका रात्री तिची उशी, चष्म्याची डबी आणि अमृतांजन मुकाट्याने भिंतीच्या बाजूला गेलेलं दिसलं.

पण या सगळ्यांपेक्षा अवघड निघाली ती जेवणाची वेळ. निजण्याआधी तीन तास काही खायचं नाही. डोंबिवलीत हे वाक्य म्हणायला सोपं आहे. इथली ताटं घड्याळावर वाढली जात नाहीत, गाडीवर वाढली जातात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी गर्दीत कुठेतरी अडकलेला असायचो, दिवा स्टेशनाजवळ गाडी उभी राहायची, आणि घरी आमटी तीनतीनदा तापायची. दहाला जेवायचं, साडेदहाला पडायचं, आणि माझ्याआधी कोणी जेवायचं नाही, हा अलिखित कायदा. मी कधी म्हटलं नव्हतं थांबा म्हणून, आणि कधी म्हटलं नव्हतं जेवून घ्या म्हणूनही. आता मी निवृत्त, मुलगा दहाच्या गाडीचा, आणि मला साडेसातला ताट. पहिल्या दिवशी टेबलावर एकच ताट पाहिलं आणि मला हॉस्पिटलात असल्यासारखं वाटलं. टीव्हीवर बातम्यांतली माणसं भांडत होती, खालून मुलांच्या क्रिकेटचा आवाज येत होता, अजून दिवेलागणीची उदबत्तीसुद्धा विझली नव्हती. संध्याकाळ सरायच्या आत, एकट्याने, पोळीचे तुकडे मोडणं यात काहीतरी चोरटं आहे.

तिच्या ते लक्षात आलं असणार. दुसऱ्या दिवशी ती समोर एक छोटी ताटली घेऊन बसली, अर्धी पोळी आणि चमचाभर भाजी. "मला भूक नाही, नुसती साथ," म्हणाली. दहाला मुलगा आला की त्याच्यासमोर पुन्हा ताटली, पुन्हा अर्धी पोळी, पुन्हा साथ. अशी ती हप्त्याहप्त्याने जेवू लागली, आणि दोन्ही वेळा तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला भूक नव्हती. अन्ननलिकेच्या दाहावरची माहिती मी बरीच वाचली आहे. बरीच वर्षं आम्लात भिजत राहिली तर तिचं अस्तर कसं बदलतं, लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांचं नाव त्या बदलाला कसं चिकटलं, सगळं मला ठाऊक आहे. पण दाह एकाला झाला की घरातल्या किती माणसांच्या जेवणाच्या वेळा भाजतात, यावर कुठे काही लिहिलेलं सापडलं नाही. मुलाने एकदा बूट काढता काढता विचारलं, "बाबा, तुम्ही आज काय खाल्लंत?" मी सांगितलं, भोपळ्याची भाजी. तो हसला आणि त्याच्या पानातही भोपळ्याचीच भाजी पडली. पूर्वी त्याने भोपळ्यावरून ताट सारलं होतं. आता तो काही बोलत नाही, वर लसणीची चटणी तेवढी घेतो, आणि ती माझ्या नजरेला पडू नये म्हणून भाकरीखाली सरकवतो.

लग्नाचे स्वागतसमारंभ हा एक नवाच मुलूख मला या दुखण्याने दाखवला. पत्रिकेत सात लिहिलेलं असतं, नवरानवरी नऊला मंचावर येतात आणि पंगत, म्हणजे आता बुफे, त्यानंतर रंगते. आम्ही सातलाच पोचतो. केटररची मुलं अजून भांड्यांखालच्या बत्त्या पेटवत असतात. आधी वाटायचं की आपणच, पण तिथे एकेक करून आणखी पांढरी डोकी जमतात, ताटल्यांच्या चळतीजवळ, कोणाच्या नजरेत न येण्याइतपत लांब. ओळख व्हायला वेळ लागत नाही. "चाळीस की वीस?" एक गृहस्थ विचारतात. मी सांगतो, चाळीस. ते आदराने मान हलवतात. दुसरे म्हणतात, त्यांची सकाळ-संध्याकाळ आहे. मग विटा की पाचरीची उशी, डावी कूस जमते का, पाणीपुरीचं काय करता, अशा गोष्टी निघतात. नवरदेवाचे वडील लगबगीने येतात आणि दचकतात: "अरे, अजून मुलं पार्लरमधून यायचीत, तुम्ही जेवायला सुरुवातसुद्धा केलीत?" आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, आमचं चालू द्या. त्यांचीही पन्नाशी उलटलेली असते. जाताजाता तेही एक आळूवडी तोंडात टाकतात आणि छातीवरून हात फिरवतात.

आठ आठवडे झाले. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, पोट दाबून पाहिलं, गोळी निम्मी केली. विटांचंही विचारलं. म्हणाले, त्रास नसेल तर काढून बघायला हरकत नाही, काही झालं तर पुन्हा लावा. मी घरी येऊन शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मुलाला पलंगाचं एक टोक धरायला बोलावलं. बायको दारात आली.

"राहू देत. काढू नका."

"अगं, आता गरज नाही. तुझी झोप तरी नीट होईल."

"माझी झोप नीटच आहे. परवा माहेरी सपाट गादीवर निजले तर मला डोकं खाली गेल्यासारखं वाटत होतं. आणि फडकी आत्ताच धुऊन पुन्हा शिवली आहेत, ती काय उसवायला?" मुलाने पलंग खाली ठेवला. सव्वासात वाजून गेले आहेत आणि शेपूची भाजी गार झाली तर आपण पुन्हा तापवणार नाही, हेही तिने त्याच दमात सांगितलं.